बांधातला उंदीर

दिनू, तू जाऊन अजून महिनाही झाला नाही आणि तेवढ्यात मी तुझ्याबद्दल पोतंभर खोटं बोलून बसलोय. पाटणच्या स्टँडवर चहा पिताना सांगितलं, तू डोळे मिटून नुसत्या वासावरून उंदराच्या अंगातला विषाणू ओळखायचास. कराडच्या सलूनवाल्याला सांगितलं, जपानचे शास्त्रज्ञ तुला फोन करायचे आणि तू त्यांना "जेवतोय, नंतर करा" म्हणून ठेवून द्यायचास. हे दुसरं तर मला इतकं आवडलं की आता ते मला खरंच आठवतं. तुझा आवाज, मागं वाटी सरकल्याचा आवाज, आणि वहिनींचं "कोण होतं हो?"

आणि दर वेळी सांगून झालं की मी थांबतो. सवयच आहे. मी थांबायचो आणि मागून कुठून तरी तू तुझी ती कोरडी दुरुस्ती टाकायचास. आता कुणी टाकत नाही. लोक सरळ विश्वास ठेवतात. माझ्या थापांवर लोक विश्वास ठेवायला लागले तर मजाच गेली की रं.

तुझ्यावरच्या अंकासाठी मृणालनं, तुझ्या शेवटच्या विद्यार्थिनीनं, माझ्याकडं काहीतरी लिहून मागितलंय. "काका, तुमच्या शब्दांत लिहा," म्हणाली, आणि जरा थांबून, "पण घडलेलं लिहा." तुझ्याच हाताखाली शिकलेली. तेव्हा, गड्या, प्रयत्न करतो. जिथं फारच ताणलं असं वाटेल तिथं वरून खाकरून दाखव.

आपली ओळखच उंदरावरून झाली, हे मात्र सोळा आणे खरं. माझे वडील गूळ घेऊन सांगलीला यायचे आणि तुझ्या वडिलांच्या अडत दुकानात उतरायचे. एका अंगाला आमच्या गुळाच्या ढेपा, दुसऱ्या अंगाला हळदीची पोती, आणि मधल्या बोळातनं उंदरांची वरात. मी तेव्हा चड्डीतला. पोत्यावर उभा राहून हमालांना सांगत होतो की आत्ता माझ्या डोळ्यांदेखत एक उंदीर अख्खी ढेप तोंडात धरून गेला, आणि जाताना माझ्याकडं वळून बघून गेला. हमाल पोट धरून हसत होते. तेवढ्यात तू आलास. नाकाचा शेंडा हळदीनं पिवळा, हातात पिंजरा, पिंजऱ्यात उंदीर. तू पिंजरा काट्यावर ठेवलास, वजन बघितलंस, त्यातनं रिकाम्या पिंजऱ्याचं वजन वजा केलंस आणि सगळ्यांसमोर उंदराचं निव्वळ वजन जाहीर केलंस. अडत्याचा पोरगा. काट्यावर चढल्याशिवाय देवावरसुद्धा विश्वास ठेवला नसतास.

माझी पहिली भरलेली सभा तू उधळलीस. मी तिथंच ठरवलं, या पोराशी दोस्ती केली पाहिजे, नाहीतर हा मला जन्मभर डोकं वर काढू देणार नाही. दोस्ती केली. तरीही काढू दिलं नाहीस.

पुढं मी फौजेत गेलो, तू प्रयोगशाळेत. मी राजस्थानातनं तुला लिहिलं, इथले उंदीर शेरडाएवढे आहेत आणि सकाळच्या परेडला आमच्या मागं रांगेत उभे राहतात. दुसरा कुणी हसला असता. तुझं उत्तर आलं: शेपूट अंगापेक्षा लांब की आखूड? दिवसा दिसतात की अंधार पडल्यावर? जवानांना ताप येतो का? मी ते आमच्या सुभेदारसाहेबांना दाखवलं. ते म्हणाले, "ये आदमी या तो पागल है, या बहुत बड़ा साहब बनेगा." दिनू, तू त्यांना नाराज केलं नाहीस. दोन्ही झालास.

पेन्शन घेऊन मी गावी, मोरखोरीला परत आलो. ऊस लावला, पोरगी वाढवली, आणि एक दिवस तुझी जीप दारात. जीपमध्ये पिंजऱ्यांची चळत, बर्फाचा डबा, हातमोज्यांची खोकी आणि मृणाल. "संपत," म्हणालास, "मला तुझ्या उसातले उंदीर पाहिजेत."

माझी बायको शालन आतून म्हणाली, "समदे न्या भावजी. माघारी आणू नका."

तुझं काम मी आजवर अख्ख्या तालुक्याला समजावून सांगितलंय, आणि प्रत्येकाला वेगळं. इथं तुझ्या पद्धतीनं सांगतो. काही विषाणू उंदरांच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या सुखानं नांदतात. उंदराला त्याचं काही नसतं. पण उंदराच्या मुतातनं, लेंड्यांतनं ते बाहेर पडतात, ते वाळतं, त्याची धूळ होते, आणि बंद कोठी कोरडीच झाडली की ती धूळ माणसाच्या नाकात जाते. मग कुणाला नुसता ताप, कुणाच्या फुप्फुसांवर, कुणाच्या मूत्रपिंडांवर, आणि डॉक्टर आपले डेंगी तपास, लेप्टो तपास, मलेरिया तपास. कुठल्या उंदरात कुठला विषाणू आहे, त्याच्या जनुकांत काय लिहिलंय, आणि त्यातला कोण माणसात शिरू शकतो, हे शोधायचं. एवढं एक काम तू आयुष्यभर केलंस. मला कुणी विचारलं तर मी सांगायचो, दिनू उंदरांच्या कुंडल्या मांडतो. तुला ते आवडायचं नाही. "कुंडलीत भविष्य असतं," म्हणायचास, "मी इतिहास वाचतो."

आमच्याकडं ऊसतोड सुरू झाली की उंदीर तुटत्या बाजूनं आत आत सरकतात, आणि शेवटी रानाच्या मधोमध उसाचा एवढासा तुकडा उभा राहतो. अख्ख्या फडाचं गोकुळ त्यात जमलेलं असतं. उंदीर, ससे, साप, एखादं रानडुक्कर. मी तुला सांगितलं होतं की एकदा त्यातनं वाघ निघाला आणि त्यानं तोडकऱ्यांकडं प्यायला पाणी मागितलं. तू वाघ सोडून दिलास आणि तो तुकडा तेवढा धरलास. शेवटचा तुकडा राहिला की तोड थांबवायची आणि कडेनं पिंजरे मांडायचे, ही तुझी रीत झाली. तुझ्या पुस्तकात आमिष म्हणून शेंगदाण्याचं लोणी लिहिलं होतं. आमचे उंदीर त्याच्याकडं ढुंकून बघेनात. मग कांदाभजी आली, आणि पिंजऱ्यांना रांग लागली. तोडकरी म्हणाले, "सायेब, आमालाबी पिंजऱ्यात घाला."

त्यानंतर तू देवळासमोर गावाला माहिती दिलीस. दिनू, तू मोठा शास्त्रज्ञ होतास, पण तुझं भाषण ऐकत जागं राहणं हे सरहद्दीवरच्या पहाऱ्यापेक्षा अवघड. 'कोठी कोरडी झाडू नका, दारं उघडून वारा जाऊ द्या, आधी पाणी शिंपडा' एवढं सांगायला तू इतका वेळ घेतलास की पुढच्या रांगेतले म्हातारे घरी जाऊन जेवून परत आले. मग मी उठलो. सांगितलं, माझ्या आत्याच्या सासरी एका बाईनं बंद कोठीत कोरडा झाडू मारला आणि तिला अशी शिंक आली की घराची कौलं उडून शेजारच्या गावात पडली, आणि शेजारच्या गावानं ती अजून परत दिलेली नाहीत. दुसऱ्या दिवशी गावात दर कोठीच्या दाराशी पाण्याचा तांब्या.

"झालं का न्हाई काम?" मी म्हणालो.

"खोटं बोलून झालं," तू म्हणालास. "उद्या त्यांना कळलं की कौलं उडत नाहीत, तर ते पाणी शिंपडायचंही सोडून देतील."

"कौलं उडत न्हाईत हे त्यास्नी म्हायतीच हाय की. शिंपडायला कायतरी निमित्त पायजे हुतं."

हा आपला वाद. जीपमध्ये, उसात, टपरीवर, तुझ्या घरी वहिनी वाढत असताना, माझ्या घरी शालन ताटं उचलत असताना. मी म्हणायचो, तुझं खरं लंगडं आहे, त्याला कुणीतरी खांद्यावर घेऊन गावात न्यावं लागतं. तू म्हणायचास, खांद्यावर घेणारा त्याला भलत्याच गावात नेऊन सोडतो. तू गेलास तेव्हाही हा वाद अर्धाच होता, आणि शेवटचं वाक्य माझं होतं, एवढंच काय ते समाधान. हे बहुधा खरं नाही. शेवटचं वाक्य तुझंच असणार.

आणि मग तो उंदीर सापडला. माझ्या आणि शामू पैलवानाच्या रानांमधल्या बांधात. वाचणाऱ्यांसाठी शामू सांगायला हवा. तो तळखोरीचा, म्हणजे आमच्या खालच्या गावचा, आणि आमचा बांध हीच दोन गावांची शीव. शामू दर वर्षी नांगरटीला बांध थोडा माझ्या रानात सरकवतो, आणि मी दर वर्षी तो थोडा परत पाठवतो. आमच्या दोन घरांत येणं-जाणं असं ते फक्त बांधाचं.

तू उंदीर तोललास. एकशे ऐंशी ग्रॅम. मी त्याच संध्याकाळी पारावर सांगितलं, बोक्याएवढा होता, पिंजरा उचलायला दोन गडी लागले. आणि सांगून थांबलो. पाराच्या मागं तू जीपच्या बोनेटला टेकून पिंजऱ्यांचे नंबर पुसत होतास. वर न बघता म्हणालास, "एकशे ऐंशी ग्रॅम."

लोक मला हसले त्याच्या दुप्पट तुला हसले. तेव्हापासून तो आपला खेळच झाला. मी वाढवायचं, थांबायचं, तू वजन सांगायचं. पुढं पुढं लोक मला तोच उंदीर पुन्हा पुन्हा सांगायला लावायचे, ते तुझ्या त्या शब्दांसाठी. उंदीर बोक्याचा कुत्रा झाला, कुत्र्याचं वासरू झालं. तुझं वजन एका ग्रॅमनं हललं नाही.

मग एक दिवस सांगलीहून तुझा फोन. तू इतका खूश होतास की दोन वाक्यं सलग बोललास. "संपत, बांधातल्या उंदरात विषाणू निघालाय. नवीन आहे." त्याच्या जनुकांतली अक्षरं तू वाचली होतीस. अक्षरं चारच, पण एकापुढं एक हजारोंनी, ठरावीक क्रमानं. तो क्रम जगातल्या माहीत असलेल्या सगळ्या भाऊबंदांशी लावून बघितलास. घराणं कळलं, पण हा कुणाचा सख्खा नाही, चुलतही नाही.

"म्हंजे वाटणीच्या टायमाला उगवणारा लांबचा," मी म्हणालो.

"अगदी तसाच," तू म्हणालास. तुला इतकं पटलेलं माझं दुसरं वाक्य मला आठवत नाही.

त्यानंतर तू गावातल्या काही जणांचं रक्त तपासलंस. थोड्यांच्या रक्तात त्याची ओळख निघाली, म्हणजे कधीतरी तो अंगात येऊन, राहून, गेला होता. त्यात मीही. कुठल्याशा पावसाळ्यात मी तापानं आठवडाभर पडलो होतो, तो हाच पाहुणा असावा. शालननं ऐकून घेतलं आणि तुला विचारलं, "ह्यांच्यात येऊन गेला व्हय? मग त्या बिचाऱ्याला काय झालं न्हाई न्हवं?"

खरी गंमत इथून पुढं. मी विचारलं, याला नाव काय? तू म्हणालास, सध्या नंबर. पण असल्या विषाणूंना कित्येकदा सापडल्या जागेचं नाव देतात, हे तूच कधीतरी बोलून गेला होतास. आफ्रिकेतलं लासा नावाचं गाव अख्ख्या जगाला माहीत झालं ते उंदराच्या विषाणूमुळंच. मी पारावर जाहीर केलं: लासा झालं, आता मोरखोरी. अमेरिकेतला डॉक्टर नाडी धरून म्हणणार, "काळजी करू नका, तुम्हाला साधा मोरखोरी झालाय."

गाव हरखलं. तालुक्याच्या नकाशावर आमचं गाव दिसायला भिंग लागतं, आणि आता एकदम जग. ग्रामसभेत ठराव झाला. आमच्या गावाचं नाव रोगाला द्या, असा ठराव करणारं दुसरं गाव पृथ्वीवर नसेल. हे मी वाढवून सांगत नाही, कारण तिसऱ्याच दिवशी तळखोरीनंही तोच ठराव केला. शामू उठून म्हणाला होता, "बीळ आमच्या रानात उघडतंय. उंदीर तळखोरीचा." शिवेवर दोन्ही गावं जमली आणि तुला मधे उभं केलं.

"उंदीर बांधातला आहे," तू म्हणालास.

"मग बांध कुणाचा?"

"ते तलाठ्याला विचारा. मी उंदीर बघतो."

मी तुला बाजूला घेतलं. "आरं, हातभर इकडं सरकव की. उंदीर मेलाय, त्यो काय हरकत घेत न्हाई."

"लासाच्या लोकांना कुणी विचारलंय का," तू म्हणालास, "त्यांना कसं वाटतं ते?"

तेव्हा ते माझ्या डोक्यावरनं गेलं. डोक्यात शिरलं ते फ्लेक्स लागल्यावर. स्टँडवर भला थोरला फ्लेक्स, 'जागतिक नकाशावर मोरखोरी', मधोमध उंदराचा फोटो आणि भोवती गावातले तमाम दादा, अण्णा, भाऊ, हात जोडून. उंदरासकट सगळे सारखेच हसत होते. ही कल्पना कुणाच्या डोक्यातली ते तुला ठाऊक आहे. या अंकात छापायची गरज नाही. फ्लेक्सचा फोटो मोबाइलवरनं फिरत फिरत लोणंदला पोचला. आणि लोणंदला माझ्या रूपालीची सोयरीक ठरत आली होती.

निरोप आला: "तुमच्या गावात कसला रोग हाय म्हणं. घरच्यांस्नी जरा विचार करू द्या." या वाक्याचा अर्थ पोरीच्या बापाला फोड करून सांगावा लागत नाही. पोरगा रूपालीच्या मनातला होता, कॉलेजातली ओळख. ती सगळ्यांना वाढायची आणि स्वतः भाकरीचा तुकडा मोडत बसायची. शालन गप्प, म्हणजे कोयनेचे दरवाजे उघडले समजायचं.

गावाचं वारंही फिरलं. आता मोरखोरी म्हणायला लागली, उंदीर तळखोरीचा. तळखोरी म्हणायला लागली, छे, आमच्यात उंदीर कधी नव्हतेच. शामूनं तर जन्मात पहिल्यांदा बांध स्वतःच्या रानात मागं घेतला, उंदराचं बीळ माझ्या हद्दीत यावं म्हणून. एवढी वर्षं जिच्यासाठी भांडलो ती जमीन मला आयती मिळाली, आणि मला ती नको होती. बांध मी होता तिथं परत पाठवला.

मी सांगलीला तुझ्या प्रयोगशाळेत आलो. त्या दिवशी मी तुझ्याशी एकही थाप न मारता बोललो, तुला तेवढ्यावरनंच कळलं असेल. "दिनू, विषाणूवर लिवतोयस त्या निबंधात उंदीर शामूच्या रानात दाखव. पोरीचा प्रश्न हाय."

तू हातमोजे काढलेस. हात धुतलेस, बराच वेळ धुतलेस. "रूपाली माझ्या मांडीवर वाढलीय, संपत. पण उंदीर बांधातला होता."

"हातभर, दिनू."

"आज मी हातभर हलवला, तर उद्या माझ्या कुठल्याच उंदरावर कुणी भरवसा का ठेवावा? आणि खरंच कुणी तापानं पडला, तर शोधायचं कुठं?"

मी तुला तुझ्या काट्यावरनं, तुझ्या बापाच्या दुकानावरनं, तुझ्या काळजाच्या जागी असलेल्या वजनमापावरनं जे बोललो ते वहिनी वाचतील म्हणून लिहीत नाही. चहा न घेता निघालो. तू दारापर्यंत आलास. "लोणंदला कधी जायचं?"

"कशाला?"

"मी येतो. मी सांगतो त्यांना. तू फक्त गप्प बसायचंस."

लोणंदला मुलाचे वडील कांद्याचे व्यापारी. पुढं बैठकीची खोली, मागं कांद्याची वखार. तू सुरू केलंस ते उंदरांच्या जातींपासून. मी गप्प बसलो, आणि ते मला इतकं जड गेलं की कानांतनं वाफ निघत होती; तू शेजारीच होतास, तुला झळ लागली असेल. तू काही म्हणजे काही लपवलं नाहीस. विषाणू नवा आहे, तो माणसात शिरू शकतो, त्यानं कुणी दगावल्याचं आम्हाला आढळलेलं नाही, माणसापासून माणसाला होताना दिसलेला नाही, पण अजून पुष्कळ कळायचं आहे. आणि मग, थंडपणे, "मुलीच्या वडिलांच्या रक्तातही त्याच्या खुणा आहेत." मुलाचे वडील माझ्यापासून वीतभर लांब सरकले. मी बसल्या जागी मेलो, दिनू. तुझ्या आधी.

"म्हंजे," ते म्हणाले, "रोग ह्यांच्या गावात हाय, ह्ये खरं."

"त्यांच्या गावात सापडला," तू म्हणालास, "कारण आम्ही त्यांच्या गावात शोधला. तुमच्या वखारीत अजून शोधलेला नाही. पिंजरे जीपमध्येच आहेत. बघायचं का?"

आतल्या खोलीतल्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. आणि मागच्या वखारीतनं, देवाशपथ सांगतो, खुडबुड ऐकू आली.

मुलाच्या वडिलांनी उपरण्यानं कपाळ पुसलं. "सायेब," ते म्हणाले, "पिंजरं जीपमंदीच ऱ्हाऊ द्या. आमी तारीख काढतो."

"काढा," तू म्हणालास. "आणि वखार रिकामी झाली की आधी पाणी शिंपडा, मग झाडा."

परत येताना तू एकटाच हसत होतास. "एक शब्द खोटा बोललो नाही."

"धमकी दिलीस की लेका."

"खरी दिली."

आणि लोणंदपासून साताऱ्यापर्यंत आपण पुन्हा तोच वाद घातला. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात सुंदर रस्ता. खड्डे धरून.

लग्नात मी तोच उंदीर सांगितला. नवरदेवाचं घोडं आलं नाही म्हणून त्याला त्या उंदरावर बसवून आणला, असं. आणि थांबलो. तू पंगतीत होतास, तोंडात जिलेबी. तशाच भरल्या तोंडानं वजन सांगितलंस. सगळ्यात मोठ्यानं व्याही हसले. त्या दिवशी तुझे आभार मानावेत असं माझ्या मनात आलं होतं. पण आपल्यात कुणी आभार मानले की समोरचा विचारतो, बरं वाटत नाही का तुला? राहून गेलं.

नावही राहून गेलं. निबंध पुरा होत आला, नावाची जागा रिकामी. विचारलं की "बघू" म्हणायचास. आणि एका सकाळी वहिनींचा फोन. चहा गाळत होत्या, तू खुर्चीत पेपर वाचत होतास, आणि हृदय थांबलं. एवढंच. अजून मला गावोगावी विचारतात, उंदरांमुळं गेले का? मी सांगतो, जन्मभर हात धुतलेला माणूस तो, उंदीर त्याच्या वाऱ्याला उभे राहायचे नाहीत. त्यांनाच याची भीती. धरलं की तोलतो.

गेल्या आठवड्यात मृणाल तुझीच जीप घेऊन मोरखोरीला आली, बरोबर वहिनी. निबंध पाठवायचा होता आणि नावावाचून अडला होता. बांधाजवळच्या आंब्याखाली दोन्ही गावं जमली. आधी लोकांनी तुझ्याबद्दल चांगलं बोलून घेतलं. मग कुणीतरी म्हणालं, डॉक्टरसाहेबांचंच नाव द्या. वहिनी हळूच म्हणाल्या, "त्यांच्या नावानं लोकांनी ताप सांगायचा? नको हो." मृणाल म्हणाली, मग नंबरच राहू दे. तेही कुणाला रुचेना. तुझ्या एवढ्या धडपडीमागं नुसता नंबर? मोरखोरीकर खाली बघत होते, तळखोरीकर आंब्याकडं. आपलं नाव द्या म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि त्यांचं द्या म्हणायला आता तोंड नव्हतं.

रूपाली लोणंदहून आली होती. मला म्हणाली, "नाना, उंदीर सांगा की."

"आत्ता?"

"आत्ताच. काकांना आवडंल."

मी उभा राहिलो. तुझ्यासाठी सगळा जोर लावला, दिनू. उंदीर हत्तीएवढा केला. तो बिळातनं निघाला तसा दोन्ही रानांतला ऊस आडवा झाला. त्याला ट्रॉलीत घालून साखर कारखान्याच्या काट्यावर नेला तर काटा मोडला, आणि कारखान्यानं त्याचं बिल अजून मला लावलेलं आहे. लोक हसत होते, वहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. आणि मी, सवयीनं, थांबलो.

कुणी काही बोललं नाही. तुझी जीप तिथंच उभी होती, बोनेट रिकामं. हसणं विरत गेलं. मला पुढचं काही सुचेना, कारण त्या गोष्टीला पुढं काही नाहीच. ती तिथंच संपते, आणि संपवायचा तू.

तेवढ्यात मागनं आवाज आला. जाडा, घोगरा, मान खाली घालून काढलेला.

"एकशे ऐंशी ग्रॅम."

शामू पैलवान. किती वर्षांनी त्याच्या तोंडून माझ्यासाठी शब्द निघाला, आणि तो तुझा. त्यानं घसा खाकरला. "आन् बांधातला," म्हणाला.

मग मृणालनं हळू विचारलं, "बांध लिहू? बांध विषाणू?"

शामूनं माझ्याकडं बघितलं, मी शामूकडं.

"लिव्ह बाय," शामू म्हणाला.

"लिव्ह," मी म्हणालो.

वरच्या कमिटीची मान्यता अजून यायची आहे, असं मृणाल म्हणते. येईल. मग कुठल्या कुठल्या देशातले शास्त्रज्ञ जीभ वाकडी करून 'बांध' म्हणतील, आणि त्यांना तो कसलासा मोठा शास्त्रीय शब्द वाटेल. कुणाच्या पोरीची सोयरीक त्यानं अडायची नाही. नाव खरं आहे, म्हणजे तू जिंकलास. आणि ते माझ्या हत्तीएवढ्या थापेवर बसून आलं, म्हणजे मी जिंकलो. आता बोल. बोलत नाहीस, तर आभार मानून घेतो, तुला अडवता यायचं नाही. रूपालीसाठी. त्या रस्त्यासाठी. आणि इतकी वर्षं माझ्या दर गोष्टीच्या मागं उभा राहिलास त्यासाठी.

तुला एक सांगायचं राहिलं. परवा नांगरट झाली. या वर्षी शामूनं बांध हलवला नाही आणि मीही हलवला नाही. जिथं तू उंदीर धरलास तिथंच तो जसाच्या तसा आहे.

हे लिहून मी थांबलोय, दिनू.

बरं. वीतभर हलवला. पण आधी त्यानं.